पिनरमधला बेलारूसचा किल्ला

लंडनमध्ये भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी माझा पगार विचारला नाही, व्हिसा विचारला नाही, मांसाहार करतेस का तेसुद्धा विचारलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "लहानपणी दिवाळीत किल्ला करायचीस का?"

मी नागपूरची. आमच्याकडे दिवाळीत फराळ करतात, फटाके फोडतात आणि नातेवाईकांशी भांडतात. अंगणात मातीचा किल्ला करायची पद्धत पुण्या-साताऱ्याकडची. मी खरं ते सांगितलं. काकांनी डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, मुलगी बरी आहे, पण हिचं बालपण राहून गेलंय!"

"मग आता होऊ दे की," आतून काकू म्हणाल्या. "चहा टाकलाय, दोघं आत या."

अशी मला पिनरमधली ती मागची खोली मिळाली. माझं ऑफिस ब्रॅकनेलला. म्हणजे घर लंडनच्या एका टोकाला आणि नोकरी पार तिसरीकडेच. शहाण्या माणसाने ती खोली घेतली नसती. पण आठवड्यातून दोनच दिवस जायचं होतं, आणि काकूंचा चहा फार चांगला होता. मी चार वर्षं राहिले.

काका मूळचे साताऱ्याचे. इथे एका कौन्सिलमध्ये बांधकाम खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली. लोक मागच्या बाजूला खोली वाढवायचे नकाशे घेऊन यायचे आणि काका ते नामंजूर करायचे. कधीतरी मंजूरही करत असतील, पण त्याच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. रिटायर झाल्यावर नामंजूर करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सगळं जग तपासायला घेतलं. कुठलीही इमारत दिसली की भिंतीवर बोटाने टकटक करायचे आणि वेढा पडला तर ती किती दिवस तग धरेल ते जाहीर करायचे. आमच्या डॉक्टरांच्या सर्जरीला, म्हणजे दवाखान्याला, त्यांनी चौदा दिवस दिले होते. "पण आतले लोक आधीच आजारी," असंही वर म्हणाले. मी विसरलेला लॅपटॉप द्यायला एकदा ब्रॅकनेलला आले, तर आमच्या काचेच्या ऑफिसकडे बघून रिसेप्शनवरच्या बाईला म्हणाले, "अर्धा तास. तोही शत्रू रस्ता चुकला तर." तिने मला खाली बोलावून घेतलं आणि विचारलं की हे गृहस्थ नक्की तुझेच का. काय करता, हो म्हटलं.

लॉकडाऊनमध्ये सगळी दुनिया रडत होती, तेव्हा काका आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस जगले असं काकू सांगायच्या. "पहिल्या दिवशी लॉफ्टमधून तांदळाची पोती खाली आणली आणि म्हणतात कसे, शेवटी पडला बाई वेढा!"

एकच गोष्ट या माणसाला जमत नव्हती. आपलं चुकलं असं म्हणणं. बागेतली शेड त्यांनी स्वतः बांधली होती आणि तिचं दार आत उघडायचं. आत लॉनमोअर ठेवला की ते दार उघडेचना. कुणीही दार उलटं लावलं असतं. काकांनी अकरा वर्षं लॉनमोअर खिडकीतून बाहेर काढला. विचारलं तर म्हणायचे, "दार बरोबर आहे. लॉनमोअर चुकीचा आहे."

आता शेजारच्या आजी. त्या बेलारूसच्या. बेलारूस नकाशात दाखव म्हटलं असतं तर माझं बोट पोलंडपासून पुढे कुठेही फिरलं असतं, पण काकांमुळे तेही शिकले. आजी सात वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर युद्धातून निसटून इकडे आल्या. आता पंच्याऐंशीच्या पुढे, एकट्या राहायच्या. त्यांच्या गावचं एक ऑर्थोडॉक्स चर्च होतं, चारशे-पाचशे वर्षांचं, आणि साधंसुधं नव्हे. चार कोपऱ्यांना चार बुरुज, पुरुषभर जाड भिंती, वर छपराखाली बंदुका रोखायला जंग्या. स्वारी आली की सगळं गाव गाईगुरांसकट आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. आता तिथे पुढचे दोन बुरुज तेवढे उभे आहेत, बाकीचं युद्धात गेलं. आजींकडे जुन्या चर्चचा एकच फोटो होता, वडिलांच्या पाकिटातला. तोही समोरून काढलेला.

काकांनी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा फेन्स धरून उभेच राहिले म्हणे. घरात येऊन काकूंना म्हणाले, "आपल्याकडे किल्ल्यात देऊळ असतं. यांच्याकडे देऊळच किल्ला! खाली मेणबत्त्या, वर बंदुका! मी आजवर काय बघितलं गं?"

"मला बघितलंत," काकू म्हणाल्या. "आणि पंचेचाळीस वर्षं नामंजूर करताय."

तर या चर्चवरून काका आणि आजी यांचं सहा वर्षं भांडण चाललं होतं. फेन्सच्या अलीकडे हे, पलीकडे त्या. बोलणं इंग्रजीत, एकाचं साताऱ्याच्या आणि एकीचं बेलारूसच्या वळणाचं. मी आपलं मराठीत सांगते. फोटोत पुढची बाजू दिसत होती, त्यामुळे पुढच्या बाजूबद्दल एकमत होतं. भांडण होतं मागच्या बाजूचं.

"मागे दार होतं," आजी म्हणायच्या. "छोटंसं. खाली."

"मॅडम, मागे वेदी. वेदीमागे भिंत. बंदोबस्ताच्या भिंतीला भोक पाडून कुणी शत्रूला आत बोलावतं का?"

"मी त्या गावात जन्मले."

"जन्मलात. सर्व्हे केला नाहीत."

"मी त्या दारातून गेलेय!"

"सात वर्षांची मुलगी, मॅडम! मी सात वर्षांचा होतो तेव्हा मला वाटायचं, आमच्या डोंगरामागे लंडन आहे."

"मग बरोबरच वाटत होतं. आलास ना इथे, माझं डोकं खायला."

असं अर्धा तास चालायचं. मग आजी काकडीच्या लोणच्याची बरणी फेन्सवरून द्यायच्या, काकू लिंबाच्या लोणच्याची द्यायच्या, आणि काका-आजी समोरच्याला काहीएक कळत नाही असं पुटपुटत आपापल्या घरात जायचे. मी आधी घाबरायचे. नंतर नंतर रविवारी भांडण झालं नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग एका रविवारी आजींची मुलगी आली. पन्नाशीतली, शाळेत शिकवायची, दूर राहायची, दर महिन्याला यायची. सज्जन बाई. ती फेन्सपाशी आली आणि काकांना हळू आवाजात विचारलं, "आई त्या मागच्या दाराबद्दल तुम्हालाही सांगते का?"

आता इथे कुठल्याही माणसाला कळलं असतं की बाई दाराबद्दल विचारत नाहीये. काकांना कळलं नाही. त्यांना वाटलं, सहा वर्षांनी एक शिकलेला श्रोता मिळाला. "मॅडम," छाती पुढे काढून म्हणाले, "मी तीस वर्षं इमारती तपासल्यात. असं दार असूच शकत नाही. ते त्यांच्या मनातलं आहे."

मुलीने आईच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "थँक यू. मला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं."

काका खुशीत आत आले. जिंकले ना!

आठवड्याने काकू आजींकडून परत आल्या त्या पर्स न ठेवताच काकांसमोर उभ्या राहिल्या. मुलीने आजींसाठी केअर होममध्ये जागा बघितली होती. सोमवारी, दिवाळी झाल्या झाल्या, बघायला न्यायचं ठरलं होतं. आजींनी एकदा गॅस चालू ठेवला होता, दोनदा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायची तारीख चुकली होती. पण मुलीला खरी भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. आई नसलेल्या गोष्टी बघते. एक दार बघते. आणि शेजारच्या इंजिनिअरनेसुद्धा सांगितलं की असं दार नव्हतंच.

"अभिनंदन," काकू म्हणाल्या. "सहा वर्षं वेढा घातलात. पडला एकदाचा किल्ला."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. खोटं कशाला सांगू, माझाही त्यांच्यावर संताप झाला होता. अहो, म्हातारीला आपलं घर सोडायला लागणार होतं ते या माणसाच्या तोंडामुळे. गॅस काय, मीही दोनदा चालू ठेवला होता, मला कुणी होममध्ये टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मुलीला पत्र लिहिलं. कौन्सिलच्या पद्धतीने, कलमं घालून. एक, मी सदर ठिकाणी गेलेलो नाही. दोन, सदर दाराबाबत मी केलेलं विधान मागे घेत आहे. तीन, मॅडमची स्मरणशक्ती उत्तम असून त्यांना माझी सहा वर्षांतली सर्व वाक्यं पाठ आहेत. मुलीचं उत्तर लगेच आलं. फार गोड. तुम्ही आईसाठी इतकं करता, तुमच्यासारखे शेजारी मिळायला भाग्य लागतं.

"हिला वाटतंय मी दयेपोटी खोटं बोलतोय," काका पत्र धरून स्वयंपाकघरात फिरत होते. "मी! खोटं! अगं, मी आयुष्यात कुणावर दया केलेली नाही!"

"ते आम्हाला माहितीये," काकू म्हणाल्या. "तिला कसं कळणार?"

तेव्हा काकांनी ठरवलं की त्या वर्षीचा दिवाळीचा किल्ला रायगड नाही, प्रतापगड नाही. आजींचं चर्च करायचं. बांधून बघायचं. "भिंत खोटं बोलत नाही," म्हणाले. "दार असेल तर बांधताना कळेल. नसेल तर..." आणि फावडं शोधायला गेले.

इथे इंग्लंडात दिवाळी म्हणजे थंडी, चिखल आणि नाकातून पाणी. काकांनी शेडमागची माती उकरली, विटा रचल्या, पोती चिखलात बुडवून त्यावर घातली. मी पगारी सॉफ्टवेअर इंजिनिअर, शनिवार-रविवार बादल्या वाहत होते. भिंती, पुढचे दोन बुरुज, मागचे दोन बुरुज, मधे उंच छप्पर. भोवतालच्या मातीवर अळीव पेरले. इथे त्याला क्रेस म्हणतात आणि सँडविचमध्ये घालतात. त्या हिरवळीत काकांनी दरवर्षीचा मातीचा वाघ बसवला. मग काकांनी खोक्यातून साताऱ्याचे मावळे काढले आणि चर्चमध्ये एकेक करून भरायला लागले. गाव आत घ्यायचं होतं ना! मावळे संपले तेव्हा गाई भरल्या. प्लॅस्टिकच्या, शेजारच्या पोरांकडून आणलेल्या.

गाई भरता भरता काका थांबले.

"ही गाय," एक गाय हातात धरून मला म्हणाले, "दिवसाला किती पाणी पिते?"

"काका, मी टेस्टिंगमध्ये आहे."

"बादल्याच्या बादल्या पिते. आणि अशा गाई किती? आणि माणसं? विहीर कुठे आहे?"

"आजी म्हणतात विहीर नव्हती. मागे ओढा होता. तिथून पाणी आणायचे."

"कुठून आणायचे? पुढच्या दारात तर शत्रू बसलाय!"

काका उपड्या बादलीवर बसले. गाय हातातच.

"चोरदिंडी," शेवटी म्हणाले. "आपल्या प्रत्येक किल्ल्याला असते. राजगडाला आहे, रायगडाला आहे. शेंबड्या पोराला माहीत असतं. मी सहा वर्षं ते देऊळ म्हणून बघत राहिलो गं. किल्ला किल्ला म्हणत होतो, आणि बघत होतो देऊळ म्हणून." मग माझ्याकडे बघून चिडले. "तू का नाही सांगितलंस?"

"माझं बालपण राहून गेलंय," मी म्हटलं. सोडते की काय!

त्यांनी मागच्या भिंतीला उजव्या हाताला दार पाडलं. आजींना काही विचारलं नाही. मी म्हटलं, एकदा विचारा तरी. तर म्हणाले, उजवीकडेच असणार, चढ तिकडे असतो. सवय जात नाही हो माणसाची.

दिवाळीच्या रविवारी सकाळी सगळे जमले. मराठी मंडळाचे दोन परीक्षक किल्ले-स्पर्धेचे कागद घेऊन आले होते. ते चर्चसमोर उभे राहिले आणि एकमेकांकडे बघायला लागले. एकाने विचारलं, "हा कुठला गड?" काका म्हणाले, "बेलारूसचा." त्याने कागदावर तशी ओळ शोधली. सापडली नाही. काकूंनी त्यांना चकल्या देऊन बाजूला बसवलं.

मग आजी आल्या, काठी टेकत, मागे मुलगी. मुलीचा चेहरा हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या माणसाचा असतो तसा होता. काकांनी घसा साफ केला. "मॅडम," मुलीला म्हणाले, "मी मागे जे बोललो ते..." आणि अडकले. पुन्हा घसा साफ केला. "ते चुकलं. माझं चुकलं. दार होतं. गाईंच्या पाण्याचा हिशेब बघा." आणि गाय दाखवायला लागले.

मुलगी हसली, पण तशीच, दयेने. "तुम्ही फार चांगले आहात," म्हणाली. इतकी माती वाहिली, इतकं सगळं केलं, आणि बाईला अजून वाटत होतं की आपण म्हातारीची समजूत काढतोय.

आजींचं त्या दोघांकडे लक्षच नव्हतं. त्या फिरून मागच्या बाजूला गेल्या होत्या. काठीने दार दाखवून म्हणाल्या, "चूक."

काकांची मान लाल झाली. मी चार वर्षांत ती मान ओळखायला शिकले होते. आता सुरू होणार, मी म्हटलं, चढ आणि उतार आणि सर्व्हे. आणि मुलगी ऐकणार, आणि झालं, संपलं.

काकांनी खाली वाकून थापी उचलली आणि आजींच्या हातात दिली.

"कुठे?" त्यांनी विचारलं. बास. एवढंच.

आजी काठी टाकून सरळ चिखलात गुडघ्यावर बसल्या. मुलगी "आई! आई!" करत धावली, पण आजींनी काकांचं दार तोवर बुजवलंही होतं. "डावीकडे. बुरुजाच्या आड. आधी दोन पायऱ्या खाली." थापीने दोन पायऱ्या पाडल्या. "दुसरी पायरी हलायची. पाय कडेला ठेवायचा." मग भोक पाडलं, लहान. काका पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, एवढं बुटकं?" पण भांडायला नाही हो, टेप हातात धरून, लिहून घ्यायला.

"एवढंच," आजी म्हणाल्या. "त्या दिवशी पुढे सैनिक होते. आम्ही इथून निघालो. वडिलांना वाकावं लागलं. त्यांची टोपी पडली. मला वाकावं लागलं नाही."

त्यांनी मावळ्यांच्या खोक्यात हात घातला, हंडा घेतलेली गवळण काढली आणि दारात उभी केली. बरोबर मावली. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आणि वाघ काढ. आमच्याकडे वाघ नव्हता."

"वाघ राहील," काका म्हणाले.

मुलगी आईशेजारी वाकली होती. चांगला कोट, चिखलात लोळत होता. "टोपीचं तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "पायरीचंही नाही."

"तुला काय सांगायचं," आजी म्हणाल्या. "तू नेहमी 'हो आई, हो आई' म्हणतेस. हा मेला 'नाही' म्हणतो. मग सांगावं लागतं."

मला रडू आलं. चकलीचा घास तोंडात तसाच. काकूंनाही आलं, पण त्या परीक्षकांवर घसरल्या, "बघताय काय, मार्क द्या!"

मुलगी उठली, जरा लांब गेली आणि फोन काढला. सोमवारचं नको, म्हणाली. नाही, पुढची तारीखही नको. मी कळवीन. गॅसचं मी रोज बघीन असं काकूंनी तिला खुणेनेच सांगितलं. फोन ठेवला, डोळे पुसले, एक पाऊल मागे घेतलं, आणि तिचा बूट थेट मागच्या बुरुजात गेला. बुरुज बसला.

"मॅडम!" काका किंचाळले. "पाय! पाय!"

"बसू दे," आजी म्हणाल्या. "नाहीतरी तू तो गोल केला होतास. मागचे गोल नव्हते. कोनाचे होते."

"पुढचे गोल आणि मागचे कोनाचे? कोण गवंडी करेल असं?"

"आमच्या गवंड्याने केलं."

"सात वर्षांची मुलगी..." काकांनी सुरुवात केली आणि आजींनी थापी उगारली.

मुलगी तशीच उभी होती, एक पाय बेलारूसमध्ये. दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी वाट बघत होते की आता ही म्हणणार, हो आई. तिने पाय काढला, चिखल झटकला आणि आईसमोर उकिडवी बसली.

"कोनाचे म्हणजे किती कोन, आई?" तिने विचारलं. "नीट सांग. मला नाही पटत."